मुकं भाषण आणि खोकल्याच्या गोळ्या

पाऊस आला आणि तो धावत येऊन हॅटच्या दुकानाच्या छपराखाली थांबला. एवढंच झालं. पण एकोणीसशे पंधरा सालच्या सप्टेंबरातल्या त्या शनिवारी पावसाने त्याला दुसऱ्या कुठल्या दारात गाठलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती.

त्याने टोपी झटकली, ओल्या केसांतून हात फिरवला, मान वर केली... तर काचेपलीकडे एक मुलगी उभी! खांद्यावरून कमरेपर्यंत पिवळा पट्टा, गाल लालसर, आणि डोळे... अगंबाई, डोळे कसले ते! मघापासून पावसाकडे बघत होते, आता सरळ त्याच्याकडे. तिच्यासमोर तिकाटण्यावर मोठमोठे पुठ्ठे रचलेले होते. वरच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं — ‘बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही, हे दोन नोव्हेंबरला न्यूयॉर्क राज्यातले पुरुष ठरवतील.’ तिने तो अलगद उचलून मागे ठेवला. खालचा दिसला — ‘आम्हीही याच गावात राहतो.’

“हो, दिसतंय की,” तो हसून म्हणाला.

ती हसली नाही. बोललीही नाही. ओठ मात्र असे मिटलेले, की आत काहीतरी धडपडतंय आणि कुणीतरी दार दाबून धरलंय.

याला म्हणतात मुकं भाषण. एल्डर फॉल्समध्ये ते पेनरोजबाईंनी आणलं. हॅटचं दुकान त्यांचं, गावातली मताच्या हक्काची चळवळही त्यांचीच. त्यांचं म्हणणं, गावातले पुरुष बाईचं भाषण ऐकायला थांबत नाहीत, पण काचेत काही हलताना दिसलं की हमखास थांबतात, आणि थांबले की वाचतात. नियम एकच. काचेतल्या बाईने तोंडातून अक्षर काढायचं नाही. कुणी चिडवू दे, कुणी डोळा मारू दे, अक्षर नाही! चर्चच्या घड्याळात सहा वाजले की मोकळी.

आणि या कामाला पेनरोजबाईंनी उभं कुणाला करावं? डीलिया क्रॅन्स्टनला! हातमोज्यांच्या कारखान्यात शिवायला बसणारी डीलिया, जिच्या तोंडाचा पट्टा शिलाई मशीनपेक्षा जोरात चालायचा. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं तिची सख्खी आईच म्हणायची. पण बाई काही वेड्या नव्हत्या. ऑगस्टमध्ये चौकातल्या सभेत त्यांनी डीलियाला खोक्यावर उभं केलं होतं. टोबायस न्हावी खालून ओरडला, “आधी नवरा शोध, मग मत माग!” झालं! डीलिया खोक्यावरूनच कडाडली, “शोधीन की! पण माझ्या हक्काला ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी लग्न करणार नाही, मग तो सोन्याचा का असेना!” अख्ख्या चौकाने ऐकलं. सभेचं हसं झालं. पेनरोजबाईंनी कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवशी तिची रवानगी काचेमागे केली. “तुझा चेहरा बोलका आहे, तो पुरे,” त्या म्हणाल्या. “जिभेला जरा सुट्टी दे.”

यातलं काहीही त्या भिजलेल्या तरुणाला ठाऊक नव्हतं. तो आल्बनीला औषधं बनवायचं शिकून कालच गावी परतला होता. समोरचं औषधांचं दुकान आता त्याचं होतं. त्याने तिचे मिटलेले ओठ पाहिले, गळ्याभोवतीचा लोकरी रुमाल पाहिला — गारठा होता म्हणून आईने बांधून दिलेला — आणि औषधवाल्याच्या डोक्यात जे यायचं तेच आलं.

“घसा बसलाय का हो?” काचेजवळ तोंड नेऊन त्याने विचारलं.

डीलियाला हसू असं दाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, बिचारीला फारच दुखतंय.

“थांबा हं... हललात तर बघा!” म्हणत तो भर पावसात रस्ता ओलांडून पळाला. परत आला तेव्हा हातात एक कागदी पुडी होती. दुकानाचं दार किलकिलं करून त्याने ती आत सरकवली. “मध आणि ज्येष्ठमधाच्या गोळ्या आहेत. एका वेळी एकच. आणि मुख्य म्हणजे... बोलायचं नाही. अजिबात नाही!”

बोलायचं नाही म्हणे! हे डीलियाला सांगणारा आज आणखी एक निघाला. तिला राहवेना. नियम तर मोडायचा नव्हता. मग तिने भराभर पुठ्ठे चाळले, एक उपसला आणि वर ठेवला —

‘आम्हाला दया नको, हक्क हवा.’

त्याने तो वाचला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. “अच्छा... म्हणजे घसा ठीक आहे तर. नाव काय तुमचं?”

ती पुन्हा पुठ्ठे चाळू लागली. ‘कर भरणाऱ्यांत आमचं नाव आहे, मतदारांत नाही.’

“म्हणजे सांगायचं नाही. बरं. रोज असता इथे?”

‘हक्क मिळेपर्यंत आम्ही हटणार नाही.’

आता छपराखाली पाचसहा माणसं जमली होती. टोबायस न्हावी हातात फेसाचा ब्रश घेऊन दारात आला होता. कुणीतरी शीळ घातली. तरुणाचे कान लाल झाले, पण तोही काही कमी नव्हता. काचेवर पावसाचे ओघळ वाहत होते, आणि त्यांच्यातून तिचा चेहरा कधी पुसट होई, कधी लख्ख दिसे. त्याने आवाज खाली आणला. “आणि... मी रोज आलो तर? चालेल तुम्हाला?”

डीलियाच्या बोटांची गडबड उडाली. हा पुठ्ठा नको, तो नको... शेवटी जो हाताला लागला तो तिने ठेवून दिला.

‘पुरुषहो, नीट विचार करून ठरवा!’

छपराखाली हशा पिकला. टोबायस तर इतका हसला, की फेस त्याच्याच मिशीला लागला. तेवढ्यात चर्चच्या घड्याळाने सहाचे ठोके दिले आणि डीलिया दार ढकलून वादळासारखी बाहेर आली.

“माझा घसा उत्तम आहे! कधी बसला नाही, बसणारही नाही! आणि एका वेळी एकच म्हणे, मी तीन खाल्ल्या! आणि नाव डीलिया. डीलिया क्रॅन्स्टन. आणि तुम्ही असे भिजून उभे राहिलात तर घसा तुमचाच बसेल, कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला.

पेनरोजबाईंची छत्री घेऊन दोघं कालव्याच्या बाजूने निघाली. बोलत होती तीच, तो ऐकत होता, आणि छत्री हळूहळू पूर्णपणे तिच्याच डोक्यावर सरकली होती. पुलापाशी तिला आठवलं की आपण नावच विचारलं नाही.

“वॉरन. वॉरन हॅविलंड.”

डीलिया जागच्या जागी थांबली. “हॅविलंड? म्हणजे... ऑगस्टाबाई हॅविलंड तुमच्या—”

“आत्या. आईवडील गेल्यावर तिनेच वाढवलं मला.”

अरे देवा! ऑगस्टाबाईंना कोण ओळखत नव्हतं? बायकांना मत नको म्हणणाऱ्या बायकांच्या मंडळाच्या त्या अध्यक्ष. कोटावर लाल गुलाब खोचून घरोघर फिरायच्या, आणि त्या बोलायला लागल्या की पेनरोजबाईंनासुद्धा घाम फुटायचा. डीलिया त्यांना पाण्यात पाहायची.

“म्हणजे तुम्ही तिकडचे,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता.

“मी कालच आलोय हो गावात,” तो काकुळतीने म्हणाला. “अजून कुठलाच नाही.”

* * *

मग ऑक्टोबर आला. मेपलची झाडं अशी पेटली, की अख्खं गाव संध्याकाळी गुलालात बुडाल्यासारखं दिसायचं. रोज कारखाना सुटल्यावर डीलिया काचेत उभी राहायची, आणि रोज समोरच्या औषधाच्या दुकानावर पाटी लागायची — ‘पाच मिनिटांत येतो.’ त्या पाच मिनिटांत कधी सहा वाजायचे ते कुणालाच कळायचं नाही. तो काचेबाहेर उभा राहून काहीबाही विचारायचा, ती पुठ्ठ्यांतून उत्तरं शोधायची. एकदा त्याने लालभडक पान काचेवर बाहेरून टेकवून धरलं आणि तिने आतून त्यावर तळहात ठेवला. मध्ये काच होती, थंडगार काच. तरी तिचा हात घरी पोचेपर्यंत उबदार होता.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं? बहुतेक पुलावर, ताज्या सफरचंदाच्या रसाचा एकच पेला दोघांत पीत होती तेव्हा.

“तू प्रश्न फार विचारतोस,” ती म्हणाली.

“उत्तरं ऐकायला आवडतात.”

“उत्तरं, की उत्तर देणारी?”

“आधी... उत्तर देणारी. मग उत्तरंही पटायला लागतात कधीकधी.”

“कधीकधी?”

“डीलिया, मी आत्याच्या घरात वाढलोय. तिच्याकडेही उत्तरं आहेत. तू एकदा ये चहाला. बघ तरी.”

ती गेली. रविवारी दुपारी, चांगला निळा झगा घालून, आणि आईच्या दहा सूचना कानात साठवून. ऑगस्टाबाई उंच, ताठ, पांढरेशुभ्र केस, लाल गुलाब जागच्या जागी. त्यांनी स्वतः भाजलेला गोड ‘ॲपल पाय’ कापला, वर चीजचा तुकडा ठेवला, आणि डीलियाला आपल्याशेजारी बसवलं. त्या वाईट वागल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या अगदी छान वागल्या.

“तुला वाटत असेल, ही म्हातारी बायकांना चुलीपाशी बसवायला निघालीय,” त्या म्हणाल्या. “अगं, मी आयुष्यात चुलीपाशी बसलेच नाही. गावातलं वाचनालय कुणी काढलं? गवळ्यांच्या दुधात पाणी आणि चुना असायचा, ते कुणी बंद केलं? मी नगरपालिकेच्या एकेका सभासदाच्या दारात जाऊन बसायचे. आणि ते ऐकायचे, का? तर त्यांना ठाऊक होतं, या बाईला आपली खुर्ची नकोय, हिचा कुठला पक्ष नाही. उद्या मला मत मिळालं की ते आधी विचारतील, बाई, तुम्ही कोणाच्या? मग माझं ऐकतील कशाला?”

डीलियाने मनातल्या मनात पुठ्ठे चाळले. पुठ्ठ्यांवर यावर काहीच नव्हतं. आणि तिला उत्तर सुचलं नाही की ती हमखास चुकीचं बोलायची.

“दुधाचा कायदा व्हायला किती वर्षं लागली?”

“आठ-नऊ वर्षं.”

“मत असतं तर एका निवडणुकीत झालं असतं! त्या आठ-नऊ वर्षांत गावातली किती बाळं मेली, ते मोजलंत का कधी?”

ऑगस्टाबाईंनी हातातला कप अगदी सावकाश खाली ठेवला. वॉरन उठून खिडकीपाशी गेला. डीलियाला कळलं की काहीतरी मोडलंय, पण काय ते कळेना.

ते त्याने परतीच्या वाटेवर सांगितलं. त्याला एक धाकटी बहीण होती, रूथ. पहिला वाढदिवसही झाला नाही तिचा. उन्हाळ्यातलं नासकं दूध. आत्या त्यानंतर पहिल्यांदा नगरपालिकेच्या पायऱ्या चढली.

डीलिया रडली. आडपडदा न ठेवता, रस्त्यात उभी राहून रडली. “माझ्या जिभेला हाड नाही रे,” ती म्हणत राहिली. त्याने रुमाल दिला, पण ‘असू दे’ म्हटलं नाही. त्यालाही लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून ती तडक ऑगस्टाबाईंच्या दारात गेली. “माफी मागायला आलेय,” ती म्हणाली.

म्हाताऱ्या बाईने दार पूर्ण उघडलं. “माफी कशाची? प्रश्न बरोबरच होता. मी रोज विचारते स्वतःला. माझं उत्तर वेगळं येतं, एवढंच. आत ये, गारठशील.”

त्या दिवसापासून डीलियाला त्यांना पाण्यात पाहणं जमेना. हा एक वेगळाच त्रास झाला.

* * *

ऑक्टोबर संपता संपता पेनरोजबाईंनी तिला हॅटच्या खोक्यांमागे गाठलं. “पोरगा विरघळलाय तुझ्यापुढे. त्याचं मत पक्कं कर. ऑगस्टाच्या घरातलं एक मत आपल्याला मिळालं, तर गाव बघत राहील.”

“मी नाही तसलं काही करणार,” डीलिया फणकारली. पण रात्री उशीवर डोकं टेकलं की ती मनातल्या मनात मांडे खायची. तो ‘हो’ म्हणेल. म्हणेलच. नाही म्हणाला तर? तिने चौकात शब्द दिला होता, आणि तो नुसता रागाच्या भरात दिला नव्हता. जो माणूस आपल्याला माणसात मोजत नाही त्याच्या घरात कसं राहायचं? आणि वॉरनशिवाय तरी कसं राहायचं? दोन्हीकडून जीव अडकला होता.

शनिवारी पुलावर धुकं उतरलं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता. वॉरनने तिचे दोन्ही हात हातात घेतले, तिनेच शिवलेल्या हातमोज्यांसकट.

“डीलिया... माझ्याशी लग्न करशील?”

किती दिवस वाट पाहिली होती या वाक्याची! आणि आलं ते मतदानाला तीन दिवस उरले असताना.

“मंगळवारनंतर विचार,” ती पुटपुटली.

तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. “चौकातलं तुझं वाक्य मला ठाऊक आहे. अख्ख्या गावाने सांगितलंय. टोबायसने तर गळ्यावर वस्तरा ठेवून सांगितलं.”

“मग?”

“मग मी ‘हो’ म्हणून आलो, तर जन्मभर तुला वाटेल की हा माझ्यासाठी म्हणाला. ‘नाही’ म्हणून आलो, तर तू मिळणार नाहीस. यात माझं मत कुठे राहिलं?”

धुकं दोघांच्या मधून वाहत होतं.

“तुला खरं काय वाटतं?” तिने अगदी हळू विचारलं.

“तुझे पुठ्ठे वाचतो तेव्हा ते खरे वाटतात. आत्याकडे बघतो तेव्हा ती खरी वाटते. मी खोटं बोलू का? अजून ठरत नाहीये माझं.”

“माझ्यासाठी म्हणून ‘हो’ म्हणू नकोस,” ती म्हणाली. “हक्क कुणी पुष्पगुच्छासारखा आणून द्यावा, असं नाही वाटत मला. तुला पटेल ते कर. फक्त... मंगळवारी संध्याकाळी मला खरं सांग. मग मी उत्तर देईन.”

“कबूल,” तो म्हणाला.

* * *

एल्डर फॉल्सचं मतदान टोबायस न्हाव्याच्या दुकानात व्हायचं. एरवी बाईमाणूस त्या दारातून कधी आत गेलं नव्हतं. या वेळी मात्र मोजणीवर लक्ष ठेवायला दोन्ही बाजूंच्या माणसांना बसू देणार होते, आणि पेनरोजबाईंनी डीलियाला पाठवलं. तिने कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचं, बघायचं, मतदाराशी बोलायचं नाही. पुन्हा तेच! टोबायसने तिच्यासाठी खुर्ची तीनदा पुसली आणि दिवसभरात एकदाही शिवी हासडली नाही. हे त्याला फार जड गेलं.

पुरुष येत होते. चिठ्ठी घ्यायची, आरशांजवळ लावलेल्या हिरव्या पडद्यामागे जायचं, घडी घालून पेटीत टाकायची, निघून जायचं. सावकार आला, पाद्री आला. कालव्यावरचा म्हातारा फिच आला. त्याला बिचाऱ्याला सकाळीच चढली होती, आणि तो पडद्यात गुंतला. पण तोही बाहेर आला तेव्हा कुणी विचारलं नाही, बाबा रे, काय केलंस? कुणाची तशी छातीच नव्हती. बायको दारात उभी होती, तिनेही विचारलं नाही. डीलिया बघत राहिली. घरात, कारखान्यात, चौकात तिला सगळे विचारायचे. कुठे निघालीस, का बोललीस, कुणाबरोबर होतीस? आणि इथे हातभर कापडामागे माणूस जायचा आणि घटकाभर कुणाचाही नसायचा. तिला त्या पडद्याचा हेवा वाटला. मला हेच हवंय, तिच्या मनात आलं. पुठ्ठ्यांवर कुणी हे लिहिलंच नाही.

दुपारी वॉरन आला. दाढी नीट केलेली, डोळ्यांत जागरण. त्याने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि पडद्यामागे गेला. किती वेळ लागला! आत पेन्सिलीचा आवाज नाही, काही नाही. मग तो बाहेर आला, घडी पेटीत सोडली, टोपी घातली आणि गेला. डीलियाने झग्याचा काठ मुठीत चुरगळला होता.

मतदान संपलं, दिवे लागले, मोजणी सुरू झाली. कारकून एकेक चिठ्ठी उलगडून मोठ्याने सांगत होता. “नाही... नाही... हो... नाही...” कानात प्राण आणून ती ऐकत होती. प्रत्येक ‘हो’ला वाटे, हे त्याचं. प्रत्येक ‘नाही’ला वाटे, हे तर नसेल? ‘हो’ बरेच निघाले, तिला वाटलं होतं त्याहून जास्त. पण ‘नाही’ थांबतच नव्हते. शेवटी टोबायसने खाली बघत तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, तेव्हा तिला कळलं की आपण हरलो. थोड्या वेळाने तार आली. राज्यभर हेच.

दाराबाहेर वॉरन उभा होता. काचेतून तिला त्याची सावली दिसली. तो आपला शब्द पाळायला आला होता, आणि डीलिया क्रॅन्स्टन, जी कुणाला घाबरत नव्हती, ती मागच्या दाराने पळून गेली. तिला ऐकायचं नव्हतं. त्या संध्याकाळी आणखी एक ‘नाही’ तिला सोसलं नसतं.

* * *

सकाळ उजाडली ती लख्ख. पहिलं दव गोठून गवतावर पांढरं झालं होतं, आणि ऊन त्यावरून अनवाणी चालल्यासारखं हळूहळू पुढे येत होतं. डीलिया सुजलेल्या डोळ्यांनी हॅटच्या दुकानाची पायरी झाडत होती. समोर कुणीतरी येऊन थांबलं. काळे बूट, ताठ कोट, लाल गुलाब.

“अभिनंदन, ऑगस्टाबाई,” डीलिया केरसुणीकडे बघत म्हणाली. “जिंकलात तुम्ही.”

“हो, जिंकले,” त्या म्हणाल्या. “रात्री झोप मात्र लागली नाही. पहिल्यांदा दुधाचा ठराव पडला ना, तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नगरपालिकेच्या दारात होते. म्हटलं बघावं, ही पोरगी काय करते.”

“झाडतेय,” डीलिया नाक ओढत म्हणाली.

“मग बरोबर आहे.” त्या जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. “आणि हे बघ. मी त्याला मोजे कुठले घालायचे तेसुद्धा सांगत आलेय. पण काल त्याने काय केलं, ते मी विचारलं नाही. तोंडावर आलं होतं, तरी विचारलं नाही. तू तुझं बघ.”

त्या गेल्या आणि दोन मिनिटांत रस्त्याच्या पलीकडून वॉरन आला. टोपी हातात, केस विस्कटलेले. औषधाचं दुकान सताड उघडं टाकून आला होता.

“काल तू पळालीस.”

“हो, पळाले.”

“मी शब्द दिला होता. सांगायला आलोय.” त्याने श्वास घेतला. “डीलिया, काल पडद्यामागे मी—”

आणि तिने चटकन पुढे होऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. केरसुणी पायरीवरून गडगडत खाली गेली.

“नको. सांगू नकोस.”

त्याचे डोळे विस्फारले.

“मी काल दिवसभर तिथे बसले होते,” ती म्हणाली. शब्द एकमेकांवर पडत होते, पण आज ती ते थांबवणार नव्हती. “फिचला कुणी विचारलं नाही रे! त्या दारुड्या फिचलासुद्धा नाही! आणि मी तुला विचारणार होते. तू मला हवास म्हणून तुझ्याकडून ते काढून घेणार होते. मग माझ्यात आणि मला रोज जाब विचारणाऱ्यांत फरक काय? ते तुझं आहे, वॉरन. ठेव तुझ्यापाशी. एक दिवस मला माझं मिळेल ना, तेव्हा मीही तुला सांगणार नाही. कितीही गोड बोललास तरी नाही!”

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला, पण सोडला नाही. “आणि ते ‘नाही’ असलं तर?”

ऊन पायरीपर्यंत आलं होतं. “तर मला दुखेल,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळी मी पुन्हा काचेत उभी राहीन, आणि तू बाहेर उभा राहून वाचशील. रोज.”

“आणि चौकात जे बोललीस ते?”

“चुकले. कबूल करते. तेही भररस्त्यात करते.” तिने हनुवटी वर केली. गाल लाल, डोळे सुजलेले, केसांत झाडलेल्या पानाचा तुकडा. वॉरनला ती इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. ती अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वॉरन हॅविलंड, माझं तुझ्यावर प्रेम आहे! आणि आता मीच विचारते. लग्न करशील माझ्याशी?”

रस्ता थबकला. दूधवाल्याने घोडा आवरला. टोबायस अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट दारात आला.

“हो,” वॉरन म्हणाला.

“मोठ्याने!” टोबायस तिकडून ओरडला. “इथे ऐकू नाही आलं!”

“हो!” वॉरन ओरडला, आणि मग हसायलाच लागला. ती रडतही होती, हसतही होती. त्याने तिला जवळ घेतलं. त्याच्या कोटाला ज्येष्ठमधाचा आणि थंडीचा वास होता.

टोबायसला मात्र राहवेना. वस्तरा हवेत नाचवत त्याने विचारलं, “ते सगळं ठीक गं पोरी! पण काल त्याने मत काय दिलं, ते सांगितलं का?”

डीलियाने वॉरनच्या खांद्यावरून मान वर काढली.

“मी विचारलंच नाही!”